मागच्या चाकाखालची ओल

लिंबं तं समोरच्या दोन चाकाखाली ठेवले होते, मंग मागच्या चाकाखाली ही ओल कशाची, हे माह्या ध्यानात यायले आन गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर वळायले एकच गाठ पडली. मी उंबऱ्यात उभी. गाडीत माहं लेकरू, दहा महिन्याचं, समोरच्या सीटवर सासूच्या मांडीत, गालाले काजळाचं तीट लावेल. मी तोंड उघडलं आन ते उघडंच राहिलं. हाक मारली तं टोक लागते. निघालेल्या माणसाले मागून आवाज देऊ नये हे आमच्याकडं लहान पोराले बी माहीत असते, आन सासूनं तं गाडीत बसता बसता माह्याकडं बोट करून सांगतलं होतं का बाई, आता मागून एक शब्द काढू नको. मी नाही काढला. कोपऱ्यावर हॉर्न वाजला, गाडी दिसेनाशी झाली, मंग माह्या घशातून आवाज निघाला. तो कोणाच्या कामाचा.

पायरी उतरून मी खाली वाकली. समोर दोन लिंबं चेपून पडेल, बिया बाहेर आल्या, त्याच्याकडं मुंग्या निघाल्या होत्या. मागं, जिथं मागचं चाक उभं होतं तिथं, ताटाएवढा काळा डाग, आन त्याच्याजवळ एक मुंगी नाही. मी बोट लावलं. पाणी नव्हतं ते. तेलासारखं गुळगुळीत, आन वास लिंबाचा नाही, आपल्या ओळखीचा कोणताच नाही. गाऊनले बोट पुसलं, परत पुसलं, तरी बोटाचा गुळगुळीतपणा जाऊन नाही राहिला. आन मले गाडीच्या मीटरमधला तो लाल लाइट आठवला. आदल्या दिवशी आमी नवराबायकोनंच मिळून विझवला होता तो.

आमी नागपूरले लागून वाडीले राहतो, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनच्या मागं भाड्याच्या खोल्या आहेत तिथं. दिवसभर ट्रक मागं घेतानाचा टूं टूं आवाज येत राहते, लेकरू त्याच्यावरच झोपते. आमच्या घरचे गोडाऊनमंधी माल उतरवून घ्यायच्या कामावर आहेत आन सुट्टीच्या दिवशी गाडीवर भाडं मारतात. गाडी जुनी, दुसऱ्यानं वापरेल. माह्या भावानं सावनेरच्या एका माणसाकडून जमवून देली, म्हणून घरात तिचं नाव पडलं 'तुह्या माहेरची गाडी'. म्हंजे चांगली चालली तं आमची, बंद पडली तं माह्या माहेरची.

गाडी आली त्याच आठवड्यात गल्लीतलं एक कुत्रं तिच्याखाली आलं. यायची, म्हंजे आमच्या घरच्यायची, काही चूक नव्हती, कुत्रं झोपेल होतं. सासूनं बादली आणून चाक धुतलं आन म्हणे, या गाडीनं रक्त पाहलं आता. सासूचा स्वभाव ओरडायचा नाही, ते हळू बोलते. तेव्हापासून दर शनवारी दोन लिंबं. समोरच्या चाकाखाली ठेवायचे, गाडी वरून न्यायची, आन मंग त्या चेपलेल्या लिंबाले हात नाही लावायचा, ओलांडायचं नाही, पाय नाही लागू द्यायचा, कारण गाडीवरचं जे काही वाईट असते ते त्याच्यात उतरेल असते. त्याच्यानं झालं काय का गाडी उभी राहते तिथं आमच्या घरातलं कोणी वाकूनच पाहत नव्हतं. ओल दिसे. सगळ्याले दिसे. सासू म्हणे लिंबाची ओल, मी म्हणो लिंबाची ओल. शनवारी लिंबाची, सोमवारी लिंबाची, बुधवारी बी लिंबाचीच. आमच्या उन्हात ओला टॉवेल घडीभरात कडक होते, तिथं लिंबाचा रस बुधवारपर्यंत कसा काय ओला राहते, हे कोणालेच नाही सुचलं. मले बी नाही.

लाइट आला तो जावळाच्या चारपाच दिवस आधी. लाल गोल आन गोलाच्या मधात उद्गारचिन्ह. मी नववीपर्यंत शिकली, तेवढं मले ओळखू येते. आमच्या शाळेतल्या बाई सांगत का हे चिन्ह दिसलं का तिथं आवाज चढवून वाचायचं. यायनं सांगतलं का हा हँडब्रेकचा लाइट होय, हँडब्रेक वर असला का लागते, खाली केला का जाते. मी म्हटलं, मंग खाली आहे न आता. हे म्हणे, त्याचं बटन अडकलं असन. गॅरेजवाला गाडी दिवसभर ठेवून घेते, आन लेकराचं जावळ तोंडावर आलं, सगळं ठरेल. सावनेरच्या रस्त्यानं एका टेकडीवर गणपती आहे, तिथं आमच्या घरच्या पोराचं जावळ काढतात, यायचं बी तिथंच काढलं होतं. आन सासू समोरच्या सीटवर बसणार. तिले वाचता नाही येत, पण लाल रंग तं दिसते. यायले भेव लाइटचं नव्हतं, मायचं होतं. लाइट दिसला असता तं ते गाडीतच बसली नसती, आन मंग माहं माहेर, आन ते कुत्रं, आन सगळं पहिल्यापासून.

तं यायनं मोबाइलवर एक व्हिडिओ काढला. त्याच्यात एक माणूस हिंदीत सांगत होता का भाइयों, मेकॅनिककडं जायची गरज नाही, बॅटरीचा मायनस काढा, थोडं थांबा, परत लावा, घरबसल्या लाइट गायब. आदल्या दिवशी संध्याकाळी सासू जावळासाठी लेकराले नवीन कपडे घ्यायले गेली तेवढ्यात आमी ते केलं. आधी यायनं गाडी फिरवली, सकाळी पूजेले तिचं तोंड उगवतीकडं पाहिजे म्हणून. आमची गल्ली नाल्याकडं उतरती आहे, गाडी एरवी चढाकडं तोंड करून उभी राहे, ते आता उताराकडं तोंड करून उभी राहिली. हे मी काहून सांगून राहिली ते पुढं समजन. मंग बोनट उघडलं. माह्या कडेवर लेकरू, एका हातात मोबाइल, हे जिथं थांबव म्हणत तिथं मी अंगठ्यानं व्हिडिओ थांबवे. यायनं दहा नंबरच्या पान्यानं तार ढिली केली, बाजूले केली, त्याच्यावर फडकं टाकलं. आमी चहा पेलो. परत तार लावली, चाबी फिरवली. मीटरमधले सगळे लाइट एकदम लागले, आन मंग एक एक करून विझले, लाल बी विझला. यायनं माह्याकडं असं पाहलं जसं लेकरू पहिल्यांदा धरून उभं राहिलं तेव्हा पाहलं होतं. खरं सांगतो, मले बी लई बरं वाटलं. फक्त मीटरमधलं घड्याळ तार काढल्यानं बारावर जाऊन बसलं होतं. ते नीट करायचं व्हिडिओत नव्हतं, म्हणून ते तसंच राहिलं. हे म्हणे, आईले नको सांगू. मी नाही सांगतलं.

सकाळी उठली तं मी बाहेरची झाली. म्हंजे देवाले जायची सोय नाही, शिवायची सोय नाही. मले वाटलं आता जावळ पुढं ढकलतीन. सासू म्हणे, काहून ढकलायचं, जावळाले माय लागत नाही, मामा लागते. ते खरं होतं. लेकराले मांडीवर घेऊन मामा बसते, माहा भाऊ गावावरून मोटारसायकलनं सरळ टेकडीवर येणार होता. लेकराचा भात डब्यात भरला, पाण्याची बाटली भरली, सगळं मी दुरून सांगतलं आन सासूनं भरलं. लेकरू सासूच्या खांद्यावरून माह्याकडं पाहून हात करून राहिलं होतं आन मी त्याले घेऊ नाही शकत होती. लिंबं ठेवले, नारळ फुटला, गाडी निघाली. आन तेव्हा मले ती ओल दिसली. गाडी फिरवून उभी केली होती म्हणून दिसली, एरवी लिंबाचा रस उतारानं मागच्या चाकाकडंच वाहे आन दोन्ही ओल एक होऊन जाये. लिंबं इकडं, ओल तिकडं, मधात चारपाच हात कोरडी जागा.

मी यायले फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत लावला. माह्या डोयासमोर ते टेकडी, वर जायचा वळणाचा रस्ता आन मंग उतार, आन खाली मोठ्या रस्त्यावर सावनेरकडून येणारे कोळशाचे ट्रक. भावाले लावला, तो मोटारसायकलवर, तो बी उचलत नाही. मंग यायचा फोन सासूनं उचलला, आन माहं ऐकायच्या आधी तिचंच सुरू झालं का निघालेल्याले टोकू नये एवढं बी तुह्या मायनं शिकवलं नाही काय. मी म्हटलं, आई, गाडी थांबवा, गाडीतून तेल गळून राहिलं, ब्रेकचं असन. ते म्हणे, तू आज बाहेरची आहेस, आज गाडीचं नाव तोंडात घेऊ नको. मागून यायचा आवाज आला, आल्यावर पाहू म्हणा. लाइटचं बोलाव तं सासू ऐकून राहिली, आन यायनं सांगतलं होतं नको सांगू. तरी मी बोलली. मी म्हटलं, आई, काल लाल लाइट होता. ते म्हणे, कोणता लाइट, इथं काही लाइट नाही, आन फोन कापला.

खरं बोलून झालं होतं. मले ते परत एकदा लिहून ठेवू द्या, मी पहिले खरंच बोलली होती.

मंग मले सुतक सुचलं. घराण्यातलं कोणी गेलं का सुतक लागते, आन सुतकात देवाची पायरी चढत नाही, जावळ बी होत नाही. टेकडीवर चढायच्या आधी गाडीचं तोंड फिरवायचं असन तं एवढीच एक गोष्ट होती जिच्यासमोर माही सासू काही बोलू शकत नव्हती. कुहीकडं एका खेड्यात यायचे मोठे बाबाजी राहतात, सासऱ्याचे मोठे भाऊ. सासरे कवाचेच गेले, त्यायच्या मागं घरात मोठं तेच. धानाची शेती, आता पोरं करतात, आन बाबाजी बाजीवर पडून असत, त्या हंगामात दोन डाव आता जातात का मंग जातात असं झालं होतं. मी त्यायचं नाव घेतलं.

तुम्हाले वाटन काय काळीज आहे या बाईचं. पण माह्या माहेरी मी लहान असताना आज्याच्या डोक्याले कावळा शिवला होता. कावळा शिवला का माणूस जाते म्हणतात, आन त्याच्यावर इलाज हा का नातेवाइकाले खोटी खबर धाडायची का माणूस गेला. ते रडले का मरण फसते आन निघून जाते. आमच्या बुड्याची तशी खबर धाडली, आत्या रडत रडत आली तं बुडा ओट्यावर बसून चिवडा खाऊन राहिला होता. त्याच्यानंतर लई वर्षं जगला. मले वाटलं खोट्या मरणानं आयुष्य वाढते. मी कोणाचं वाईट नाही करून राहिली, असंच मले वाटलं.

फोन परत सासूनं उचलला. मी म्हटलं, "आई, मोठे बाबाजी गेले. आता फोन आला होता."

मंग सासूचा असा आवाज निघाला जो मी कधी ऐकला नव्हता, आन लेकरू रडायले लागलं, आन फोन कटला.

मी भिंतीले टेकून बसली. देवाजवळ जायची सोय नव्हती म्हणून बसल्या जागीच हात जोडले. वाटलं झालं, आता येतीन वापस, इथं आले का मंग मारा मले, काय करायचं ते करा. शेजारच्या खोलीतली काकू धुणं वाळू घालून राहिली होती. माह्या तोंडाकडं पाहून आली, विचारलं काय झालं वं. मी तिले सगळं सांगतलं. काकू हातातला टॉवेल पिळता पिळता थांबली.

"घरी कायले येतीन ते?" काकू म्हणे. "सख्खा मोठा बाबाजी गेला तं माणूस घरी येते का सरळ मातीले जाते?"

ते माह्या डोक्यात आलंच नव्हतं. माती म्हंजे कुही. म्हंजे गाडी टेकडीवर नाही गेली पण आता अख्खं नागपूर ओलांडून रिंग रोडनं दुसऱ्या टोकाले जाणार, सगळ्या ट्रकमधून, आन हळू नाही, माती उचलायच्या आत पोहचायचं म्हणून जोरात. टेकडी तं लहान होती. मीच त्यायले टेकडीवरून काढून त्या रस्त्यावर टाकलं, लेकरासकट.

फोन लावला तं बिझी. परत बिझी. सासू गाडीतून सगळ्या नातेवाइकाले कळवत होती. माही खोटी खबर माह्या फोनच्या पुढं पळून राहिली होती आन माह्या हाती काही नव्हतं. मी रस्त्यापर्यंत गेली, अनवाणी, अमरावती रोडच्या कडेले उभी राहिली, जसं काही गाडी तिथूनच जाणार आहे. काकू मागून येऊन दंड धरून उभी राहिली, शिवाशिव तिनं बी नाही पाहली. एक एक ट्रक जाये आन मी त्याच्यामागची गाडी पाहो.

पुढचं मले मागून यायनं सांगतलं. कळमेश्वरच्या अलीकडं मीटरमधला लाल लाइट परत लागला होता. सासूनं विचारलं हे काय होय, तं हे म्हणे एसीचा लाइट होय. म्हंजे मी इकडून खोटं बोलली आन यायनं तिकडून, आन दोघाच्या मधात लेकरू बसेल. रिंग रोडले लागायच्या आधी यायले वाटलं का विचाराव माती कितीक वाजता, आमच्यासाठी थांबवा म्हणाव. गाडी बाजूले घेतली. घेताना ब्रेक थोडा खाली गेला असं वाटलं, पण ध्यान रडण्याकडं होतं. बाबाजीच्या घरचा एकच नंबर यायच्याकडं होता, बाबाजीच्याच फोनचा. वाटलं पोरगा उचलन. आन फोनवर बाबाजीचाच आवाज आला, कोण बोलून राहिलं गा. बाबाजीनं परत विचारलं, मंग म्हणे, "मघापासून जो तो फोन करते आन मुका होते. कोण गेलं आहे, मले बी सांगा न."

मंग यायचा मले फोन आला. माह्याशी इतके हळू हे कधीच बोलले नव्हते. म्हणे, तू पागल झाली काय. मी म्हटलं, "मले मागून मारून टाका. पहिले खाली उतरून मागच्या चाकाजवळ वाका."

ते उतरले असतीन, कारण फोनमंधी ट्रकचा आवाज एकदम मोठा झाला. लई वेळ ट्रकच ऐकू येऊन राहिले. मंग हे म्हणे, चाक आतून सगळं ओलं आहे. मंग दार उघडल्याचा आवाज. उभ्या गाडीत यायनं ब्रेकवर पाय ठेवला आन म्हणे, खाली जाऊन राहिला. थांबून थांबून परत तेच म्हणे, खाली जाऊन राहिला वं, पार खाली.

मी विचारलं लेकरू कुठं आहे. हे म्हणे, आईजवळ. मी म्हटलं, गाडीतून बाहेर काढा त्याले. त्याच्यापुढं मी काय बोलली मले आठवत नाही, काकू सांगते का तू रस्त्यावर खाली बसली.

माहा भाऊ टेकडीवर वाट पाहून पाहून फोन करून राहिला होता, त्याले तिकडं वळवला. त्यानं सासूले आन लेकराले ऑटोत बसवून घरी आणलं. गाडीजवळ हे थांबले, मेकॅनिक तिथंच आला. त्यानं मागचं चाक खोललं, म्हणे चाकाच्या आतून ब्रेक ऑइल कवाचं गळून राहिलं, डब्यात थोडंच उरलं, म्हणून लाइट लागे. हे म्हणे, आमी लाइट काढला होता बॅटरीची तार काढून. मेकॅनिक म्हणे, तारेनं नाही गेला तो, गाडी उतारावर उलटी उभी केली असन, उरलेलं ऑइल डब्यात एका बाजूले झालं आन लाइट विझला. गाडी सरळ रस्त्याले लागली का परत लागणारच होता. एवढंच. तो काही हसला नाही, त्याचं काम होतं ते त्यानं केलं.

ऑटो गल्लीत आला तेव्हा मी उंबऱ्यात होती. सासूनं लेकराले माह्या हाती नाही देलं, मी बाहेरची. तिनं त्याले ओसरीच्या फरशीवर ठेवलं, तिच्या आन माह्या मधात. ते दोन्हीकडं पाहत बसलं, मंग रांगत माह्याकडं आलं आन गाऊन धरून उभं राहिलं. त्याचं जावळ तसंच, घामानं कपायाले चिकटेल. सासू सरळ न्हाणीत गेली आन डोक्यावरून पाणी घेतलं. माह्या भावानं म्हटलं, मावशी, कोणी गेलं नाही न, आंघोळ कायची. सासू आतून म्हणे, मी रडली न त्याच्यासाठी. रडली म्हंजे आंघोळ करावीच लागन.

रागावन, मारन, माहेरी धाडन असं वाटलं होतं. तिनं काहीच नाही केलं. दोनतीन दिवसानं भांडे घासता घासता मी तिले आज्याची गोष्ट सांगतली, कावळ्याची, का खोट्या खबरीनं आयुष्य वाढते. तिनं ऐकून घेतली. मंग म्हणे, "तुह्या आज्याले कावळा शिवला होता. तिथं मरण येऊन बसेल होतं, ते फसून गेलं. इथं कोणाले शिवला होता? तू बिनबोलावता मरणाचं नाव घेतलं. ते निघालं असन आता घर पाहत."

मी म्हटलं असतं का मरण तं गाडीत बसेल होतं, मागच्या चाकात, आपण त्याले दर शनवारी लिंबू देत होतो. पण हे मले आता लिहिताना सुचून राहिलं. तेव्हा मी ताट धुतलं आन उपडं ठेवलं.

मोठे बाबाजी अजून आहेत. बाजीवरून उठले बी, काठी घेऊन चालतात. मागच्या उन्हायात एका लग्नात भेटले तं सगळ्याच्या समोर मले म्हणे, ये वं, मले मारणारी सून, बस इथं. लोकं हसले. ज्यायनं त्या दिवशी गाड्या करून कुही गाठली होती ते बी हसले. सासू नाही हसली. बाबाजी बरे दिसले का सासू आणखीनच गप होते. मले समजते तिचा हिशेब. मी नाव घेतलेलं मरण बाबाजीकडं नाही गेलं तं मंग कोणाकडं गेलं. लेकराले ताप आला का सासू त्याच्या कपायाले हात लावते आन मंग माह्याकडं पाहते. दात येताना ताप, लस टोचली तं ताप, पावसायात ताप, दर डाव तेच पाहणं. आन आता खरं सांगतो, मी बी तशीच पाहतो. भिंतीवर कावळा ओरडला का मी लेकराले आत घेतो.

जावळ राहिलंच. पहिल्या वर्षी नाही झालं तं तिसऱ्या वर्षी, दुसऱ्यात नाही करत. पोरगं आता धावते, बोलते, केस पार खांद्यावर आले, मी वेणी घालतो. पाहुणे विचारतात याचं जावळ काहून नाही काढलं अजून. सासू म्हणते, त्याच्या मायले विचारा.

आता येत्या मंगळवारी काढायचं आहे. त्याच टेकडीवर. या डावी मी बी चालली. गाडी तेच आहे, मागच्या चाकाचं काम झालं तेव्हापासून चांगली चालते. मी बसली का चाबी फिरवताना मीटरकडं पाहतो, सगळे लाइट लागतात आन मंग विझतात. लागलेल्याचं मले एवढं भेव नाही वाटत. विझलेल्याचं वाटते.

काल संध्याकाळी यायनं गाडी पुसायले काढली आन मीटरमंधी एक लाइट लागून राहिला. पिवळा, इंजिनच्या आकाराचा. मी भाजी निवडून राहिली होती. बोनट उघडल्याचा आवाज आला म्हणून बाहेर आली तं हे वाकेल, हातात तोच दहा नंबरचा पाना, मोबाइल गाडीच्या टपावर टेकवून ठेवेल आन त्याच्यात तोच माणूस सांगून राहिला का घरबसल्या लाइट गायब. मी म्हटलं, गॅरेजमंधी दाखवल्याशिवाय माहं लेकरू या गाडीत बसणार नाही. हे म्हणे, हा पिवळा होय, लाल असते ते वाईट, पिवळ्याचं काही नसते, मंगळवार झाला का दाखवू, आता आईसमोर परत सुरू नको करू. सासू दारातच उभी होती. लेकरू तिच्या लुगड्याले धरून. तिनं बोनटकडं पाहलं, यायच्या हाताकडं पाहलं, आन मले म्हणे, हळूच, जसं जेवली काय विचाराव:

"या डावी कोणाले मारशीन वं?"

यायनं तार काढली. मी खाली वाकून चारही चाकं पाहले, हात लावून पाहले, सगळं कोरडं होतं. यायनं तार लावली. लाइट गेला. घड्याळ बारावर येऊन बसलं.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कितीक जणी लेकराच्या माया असतीन. त्या दिवशी उंबऱ्यात माह्या जागी तुमी उभ्या असत्या, लेकरू गाडीत, गाडी कोपऱ्यावर, खरं सांगून झालेलं आन कोणी ऐकलेलं नाही, तं तुमी काय केलं असतं?